क्लचची तार

गुळाच्या उकळत्या काहिलीत बोटं घालणारा माणूस म्हणून जोतीराम गुळव्याचं नाव कागलपासून पार निपाणीपर्यंत होतं. बोटं आधी गार पाण्यात, मग पाकात, मग परत पाण्यात. आणि हे इतक्या झटक्यात, की भाजायचं का नाही ते ठरवायला बोटांना सवडच मिळायची नाही. मग अंगठा आणि तर्जनी हळूच उघडायची, मधे पाकाची तार ताणायची. तारेची ओढ बोटांना कळली की जोतीराम म्हणायचा, "दम धरा," नाहीतर "उतरा." त्याच्या "उतरा"नंतर काहील चुलवाणावर श्वासभरही ठेवायची छाती माळवाडीत कुणाची नव्हती. एका साली त्यानं उतरवलेल्या गुळाचा वास दूधगंगेपलीकडं गेला आणि पलीकडच्या तीन म्हशी दावी तोडून, पोहून अलीकडं आल्या. त्यातली एक अजून त्याच्या गोठ्यात आहे. ती बाजारातून आणल्याची पावती त्याच्या बायकोच्या, बयाबाईच्या ट्रंकेत सापडते खरी, पण म्हैस पोहत आली नाही असं पावतीवर कुठं लिहिलंय?

यंदा मात्र थंडी पडली आणि जोतीरामच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डाव्यातला पिकायच्या वाटेवर होता. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. चुलवाणाचा धूर आहे म्हणायचा आणि टॉवेलाच्या शेवानं डोळा पुसायचा. मग एका गुरुवारी तवनाप्पा चौगुल्यांच्या गुऱ्हाळावर पाकाला रंग चढला, चढून पुढं गेला, आणि ते त्याला दिसलंच नाही. काहिलीतलं आख्खं आदण करपलं. गुरांनीसुद्धा तोंड लावून मागं घेतलं.

तवनाप्पा शिवी देणारा माणूस नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं खांद्यावर हात ठेवला.

"जोतीराम, दमलासा तुमी. आठ दिस चुलवाणाकडं बसा. आमच्या अनेकांतनं थर्मामीटर आणलाय, त्येच्यावर जमतंय का बघू. जमलं तर तुमाला तरी कशाला तरास?"

अनेकांत म्हणजे तवनाप्पाचा धाकटा मुलगा, कॉलेज करून आलेला. थर्मामीटरला हातभर दांडी होती आणि वर तांबडे आकडे पळत होते. जोतीराम गुमान खाली उतरला आणि चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाचं वाळलेलं चिपाड आत ढकलू लागला. चाळीस वर्षं ज्या जाळाच्या डोक्यावर उभा राहिला, त्याच्या पायाशी बसला. दुसऱ्याच दिवशी ठिणगीनं उजव्या हाताची दोन बोटं भाजली. चाळीस वर्षांत पाकानं जे केलं नव्हतं ते चिपाडानं एका दिवसात केलं. बयाबाईनं रात्रीच्या जेवणाआधी बोटांना चिंध्या बांधल्या. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई त्याला लहान पोरासारखा घास भरवू लागली, ते त्याला भाजण्यापेक्षा जास्त लागलं.

ज्या साली पाडव्याच्या सौद्यात जोतीरामच्या गुळाचा रवा, म्हणजे ढेप, भावात सगळ्यांच्या वर गेला, त्या साली घरात लाल मोटरसायकल आली होती. ती काढणारी कंपनी पुढं बंद पडली, गाडी मात्र पडली नाही. जोतीरामनं ती एकदाच चालवली. उताराला ब्रेक दाबायच्या ऐवजी तो बैलाला म्हणतात तसं "होऽऽ" म्हणाला, आणि गाडीनं त्याला नदीत नेऊन पाणी पाजून आणलं. पुढं मुलगा पृथ्वीराज शिरोलीच्या फौंड्रीत लागला, तिकडंच खोली करून राहिला आणि गाडी सुनेच्या हातात आली. क्रांती साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायची, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायची, मधे सासऱ्याला बसवायची. वाडीचं दूध फाट्यावरच्या डेअरीत घालायची आणि सासऱ्याला गुऱ्हाळावर सोडायची. फाट्यावरचे गडी बघत राहायचे. जोतीराम मागं असा ताठ बसायचा, की गाडीच्या जागी हत्ती असता तर हत्तीलाच लाज वाटली असती.

रविवारी सांजेला क्रांती म्हणाली, "मामा, क्लच जरा जड लागतोय. बाळासोला दाखवू काय?"

"बाळासो कशाला? मी तेल सोडतो की."

गेल्या तीन दिवसांत त्याला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच. तो लगोलग उठला. तेल म्हणजे जोतीरामच्या लेखी एकच, एरंडेल. काहील उतू जायला लागली की एरंडेलाचे चार थेंब, पोराचं पोट दुखलं की एरंडेल, बैलगाडीचा आस कुरकुरला की एरंडेल. गोठ्याच्या फळीवर बयाबाईनं घासूनपुसून ठेवलेल्या चपट्या बाटल्या होत्या. त्यातली एक त्यानं चाचपून काढली. क्लचच्या तारेचं वरचं टोक सोडवलं, प्लॅस्टिकच्या कागदाची पुडी भोवती बांधली आणि चिंध्यांच्या बोटांनी बाटली त्यात कलती केली. तेल दाट होतं, सावकाश उतरत होतं. सकाळपर्यंत तळाला जाईल म्हणून तो समाधानानं जेवायला बसला.

सोमवारी सकाळी हाताची बोटं वळत नव्हती इतकी थंडी होती. डेअरीच्या आवारात वीस-पंचवीस माणसं कॅन घेऊन उभी. क्रांतीनं गिअर बदलायला क्लच दाबला आणि तो दबूनच राहिला. बोटं काढली तरी लिव्हर मुठीला चिकटलेली. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. तिनं उलट्या बाजूनं बोटानं ढकलल्यावर लिव्हर एकदम सुटली, गाडीनं उडी घेतली आणि डावीकडचा कॅन आडवा झाला. दूध आवारभर पसरलं. कुत्र्यांनी त्या दिवशी दिवाळी केली. जोतीराम उजव्या कॅनला मिठी मारून कसाबसा बसून राहिला, तेवढा कॅन वाचला.

डेअरीचे सेक्रेटरी गणपतराव खिडकीतून म्हणाले, "तरी मी म्हंतोय, बायकांनी स्कूटी चालवावी. ह्याला गड्याचा पंजा लागतोय."

माणसं हसली. क्रांतीनं पदर खोचला, कॅन उभा केला आणि मान वर न करता पावती घेतली.

फाट्यावर बाळासोचं गॅरेज होतं. सकाळी त्याचं शटर उघडत नसे, म्हणून क्रांती दुपारी गाडी घेऊन गेली. जोतीरामही जेवणाच्या सुट्टीत आला. तोवर उन्हात गाडीची टाकी चटका देत होती. बाळासोनं क्लच दाबला, सोडला. टक्. परत दाबला. टक्. आवाज कसा, दाराची कडी पडावी तसा.

"वैनी, गाडीला काय बी न्हाय."

"सकाळी अडकलाता की. दूध सांडलं."

"सकाळी तुमचा हात गारठलेला आसंल." त्यानं लिव्हरचा बोल्ट थोडा सैल केला, खालच्या आर्मचं स्प्रिंग बोटानं छेडलं, तार किती ढिली आहे ते बघितलं. "सगळं ओक्के हाय. तात्या, सुनंला जरा तूप खायला घाला."

जोतीराम म्हणाला, "बाळ्या, तुजी आई तुला सायकलीवर मागं बसवून शाळंत न्हेत हुती, ध्येनात हाय न्हवं?"

"हाय की तात्या. पर सायकलीला क्लच नसतोय."

मंगळवारी सकाळी क्लच परत तसाच अडकला, दूध तेवढं सांडलं नाही. दुपारी परत टक्. बुधवारी बाळासोनं तारेत पेट्रोल सोडलं, वरून डिझेल सोडलं, त्यानं तर सकाळचा क्लच आणखी घट्ट झाला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "तार बदलू. पर ह्या मेकची तार आता कोल्हापुरातबी घावत न्हाय. सांगून ठेवतो. आठ-पंधरा दिस लागतील." आणि गडी उभे होते त्यांच्याकडं बघून डोळा मिचकावून, "तोपातूर सकाळची गाडी दुपारी चालवा."

क्रांतीचा डावा हात मनगटापासून सुजला होता. भाकरी थापताना ती एका हातानं थापत होती. गणपतरावांनी त्या दिवशी पावतीबरोबर निरोपही दिला होता: उद्या दूध वेळेत आलं नाही तर परवापासून ज्ञानूचा टेंपो वाडीत येईल, आणि गाडी पाठवायचीच तर गड्याच्या हातात देऊन पाठवा.

"गडी कुठनं आणू, मामा?" ती म्हणाली. "पृथ्वीराजला बोलवू? नोकरी सोडून क्लच दाबाय ये म्हणू?"

जोतीराम चुलीतलं लाकूड आत सारत राहिला. गुऱ्हाळावर त्याचीही जागा अशीच दुसऱ्याला द्यायचं चाललं होतं. थर्मामीटरचा गूळ जरा मऊ पडत होता असं ऐकू येत होतं, पण मऊ गूळ विकला तरी जातो. करपलेला जात नाही. उद्या आठवा दिवस होता.

गुरुवारी तांबडं फुटायला तो गोठ्यात गेला. बोटांच्या चिंध्या आदल्या दिवशी निघाल्या होत्या. खाली नवी, गुलाबी कातडी आली होती, तिला वारासुद्धा टोचत होता. गाडीच्या हँडलवर हात टेकला तर हाताखाली काहीतरी वळवळलं. डोळे अगदी जवळ नेऊन बघितलं. चाकावरून, टाकीवरून एक काळी रेघ चढत होती आणि क्लचच्या तारेच्या तोंडाशी जाऊन गोळा होत होती. मुंग्या. काम नेमून दिल्यासारख्या.

तारेच्या टोकाशी मुगाएवढा थेंब गोठला होता. जोतीरामनं तो अंगठ्यानं खरवडून घेतला, तर्जनीवर टेकवला, तोंडाची वाफ दिली आणि दोन्ही बोटं हळूच उघडली.

मधे तार ताणली.

डोळ्यांना ती दिसली नाही. बोटांना दिसली. तुटायच्या आधी किंचित मागं ओढ देणारी, मऊ, पातळ तार. त्यानं बोट जिभेला लावलं आणि तिथंच शेणात बसला.

मागून बयाबाई कुरकुरत आली. "काकवीची बाटली कुटं ग्येली गं बाई? हितं फळीवर दोन हुत्या. ही तर एरंडेलाची, भरल्याली हाय तशीच..." तिनं नवऱ्याकडं बघितलं, मुंग्यांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. बाई गुळव्याच्या घरात चाळीस वर्षं नांदली होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"आवं, तुमी क्लचला काकवी पाजलासा?"

"हळू बोल."

काकवी दिवसभर उन्हानं पातळ व्हायची आणि बाळासोच्या दारात क्लच शहाण्यासारखा वागायचा. पहाटेच्या गारठ्यानं ती तारेत गोठायची आणि क्लच सुनेच्या हातात मरायचा. हे आता सगळं लख्ख कळलं. बयाबाईनं चुलीवरच्या हंड्याकडं मान वळवली.

"कढत पानी हाय. हितंच सोडा आन् गप ऱ्हावा. कुनाला कळत न्हाय." मग आवाज खाली आणून, "आज आठवा दिस हाय. तुमाला बाटलीसुद्धा दिसली न्हाय ह्ये तवनाप्पाला कळलं, तर परत काहिलीजवळ उबं करंल काय त्यो?"

जोतीरामनं बोटं एकमेकांवर घासली. चिकट होती.

"हितं सोडलं तर गाडी सुटंल," तो म्हणाला. "पर फाट्यावर पोरीचं नाव खराब झालंया त्ये तसंच अडकून ऱ्हाईल."

त्या सकाळी त्यानं क्रांतीला गाडी चालू करू दिली नाही. दोघांनी कॅन लावलेली गाडी फाट्यापर्यंत ढकलत नेली. क्रांतीनं दोनदा विचारलं, "मामा, काय हाय सांगा की," आणि दोनदा तो म्हणाला, "ढकल."

फाट्यावर चहाच्या टपरीपुढं नेहमीची माणसं शेकत होती. गणपतराव बशीतून चहा ओढत होते. तवनाप्पा गुऱ्हाळावर जायच्या आधी तिथं थांबायचा, तोही बाकड्यावर होता. बाळासो मिश्री लावत समोरून आला. बोलावणं कुणालाच करावं लागलं नाही. बाई गाडी ढकलत आणते म्हटल्यावर फाटा आपोआप जमतो.

"आज गाडीनं तुमालाच जुंपलं काय तात्या?" बाळासो म्हणाला.

"तारंचं वरचं टोक सोड."

"आता काय सोडायचं ऱ्हायलंय त्यात?"

जोतीराम टपरीकडं वळला. "चहाची न्हवं, नुसत्या पान्याची किटली दे. उकळाय पायजे."

बाळासोच्या तोंडातून मिश्रीसकट हसू बाहेर पडलं. "पानी? तारंत? तात्या, गंज धरंल की! मी पेट्रोल घालून दमलो, आन् ह्ये पानी घालत्यात!"

"काहील कशानं धुत्यात रं बाळासो?"

"पान्यानं."

"पेट्रोलनं न्हाय न्हवं?"

"काहिलीचा हितं काय संबंध?"

"सोड टोक."

क्रांतीनं टोकाभोवती प्लॅस्टिकची पुडी धरली. जोतीरामनं किटलीची धार डोळ्यांनी नाही, आवाजानं नेमकी पुडीत सोडली. वाफ निघाली. एक किटली गेली, काही नाही. दुसरी अर्धी गेली आणि खालच्या टोकातून तपकिरी थेंब पडू लागले. मग धार लागली. बाळासोनं वाकून बोट लावलं, वास घेतला, आणि सवयीनं जिभेला लावलं.

त्याचा चेहरा बघायला त्या दिवशी तिकीट लावलं असतं तरी गर्दी झाली असती.

"गोड लागतंय की ह्ये!"

"काकवी हाय. पहाटं तारंच्या तोंडाशी मुगाएवढा थेंब घावला, त्येच्यावर वळखली," जोतीराम म्हणाला. "आता फुकून कोरडी कर आन् तुजं तेल सोड."

बाळासोनं निमूटपणे तार फुंकली, तेल सोडलं, टोक अडकवलं. क्रांतीनं सुजलेल्या हातानं क्लच दाबला, सोडला.

टक्.

अजून ऊन पडलं नव्हतं. तोंडातून वाफा निघत होत्या. परत दाबला. टक्.

"आयला," कुणीतरी म्हणालं. "पर काकवी घातली कुनी?"

गणपतरावांनी बशी खाली ठेवून क्रांतीकडं बघितलं. ओठ उघडलेच होते त्यांचे. जोतीराम मधे आला.

"मी घातली. एरंडेल म्हनून. दोनी बाटल्या सारक्या दिसत्यात मला, कारन मला दिसतच न्हाय. डोळं ग्येल्यात माजं." त्यानं आवाज चढवला, पार डेअरीच्या खिडकीपर्यंत. "तीन दिस तारंत काकवी असताना हिनं वाडीचं दूध ह्या फाट्यावर आणलं. एक दिस सांडलं, दोन दिस थेंब सांडला न्हाय. गणपतराव, तुमचा कुनी पंजावाला गडी असंल तर उद्या सकाळी मी त्येच्या तारंत काकवी घालतो. चालवून दाखवू दे."

कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले, पण क्रांतीकडं बघून नाही. गणपतराव चहाचा घोट पुन्हा शोधू लागले. क्रांतीनं किक मारली आणि दूध घालायला गेली. परत येताना तिची मान वर होती आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत सरकवलेली होती.

तवनाप्पा मात्र कधी उठून गेला ते जोतीरामला कळलंच नाही. बाकड्यावर अर्धा चहा तसाच होता.

सून त्याला घेऊन गुऱ्हाळावर गेली. तो उतरून सरळ चुलवाणाच्या तोंडाशी गेला, मांडी घातली, चिपाडाची कवळ ओढली. आता काय, संपलं, असं मनाशी म्हणत होता. तरी पाठ मात्र वाकायला तयार नव्हती. वर काहील फुटफुटू लागली होती. मळी काढून झाली. अनेकांत दांडी बुडवून आकडे मोजत होता.

तवनाप्पा काठावरून वाकला. "जोतीराम, मुगाएवढा थेंब हुता म्हनं. तेवढ्यावर वळखलासा?"

"व्हय, अण्णा."

"कुटल्या आदणाची काकवी?"

"ज्ये आदण करपलं न्हवं, त्येच्या आदल्या दिसाची. चुना चिमूटभर जादा पडलाता."

तवनाप्पानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. त्या दिवशी रस निवळायचा चुना त्यानं स्वतः टाकला होता, आणि जादा पडल्याचं आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"वर या," तो म्हणाला.

"मला रंग दिसत न्हाय, अण्णा. खोटं सांगत न्हाय."

"मग ज्येला दिसतोय त्येला संगट घ्या. पर बोटं तुमची घाला."

जोतीराम काहिलीपाशी चढला. उभ्या जागेवरून हाक मारली, "क्रांतेऽ!" ती गाडी वळवत होती, थांबली. चपला काढून वर आली. गुऱ्हाळावरचे गडी एकमेकांकडं बघू लागले, कारण काहिलीच्या काठावर बाई कधी उभी राहिली नव्हती. तवनाप्पानं त्यांच्याकडं बघितलं तशी ते काहिलीकडं बघू लागले.

"रंग सांग, पोरी."

"चहावानी हाय, मामा."

"दम."

"आता बाभळीचा डिंक असतोय न्हवं, तसा."

"दम धर. बुडबुडं?"

"बारीक हुतं. मोठं व्हाय लागल्यात." ती वाकली, वाफेनं तिचा चेहरा भिजला. "मामा, आत्ता... आत्ता आत्तीनं पितळी तांब्या चिंचंनं घासल्यागत!"

बोटं गार पाण्यात गेली, पाकात गेली, परत पाण्यात. नव्या कातडीला ठणका लागला असेल. त्यानं तो कुणाला कळू दिला नाही. अंगठा आणि तर्जनी उघडली. तार ताणली, आणि तुटता तुटता मागं ओढली गेली.

"उतराऽ!"

सहा गड्यांनी काहील उचलून गूळ थंड करायच्या वाफ्यात रिकामी केली. अनेकांतनं थर्मामीटरचा आकडा बघितला आणि घाईघाईनं तळहातावर लिहून घेतला. इतके दिवस थर्मामीटर शिकवत होता, आजपासून तो शिकायला लागला. जोतीरामनं पाण्यात पाकाची गोळी वळली आणि रिकाम्या काहिलीच्या काठावर मारली.

टक्.

क्रांतीला हसू आवरेना. "क्लच सुटला, मामा!"

त्या सांजेला दूधगंगेपलीकडच्या लोकांनी आपापल्या म्हशींना दुहेरी दावी बांधली.